काकूंचा कोट कोणत्या पेटीत

पानं गळायच्या दिवसांत जे घर हलायचं होतं, ते ऐन कडाक्याच्या थंडीत हलायला निघालं, याचं सगळं श्रेय मास्तरांना. काकू हे श्रेय त्यांना दिवसातून अनेकदा, अजिबात कंजुषी न करता देत असत.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते काचकारखान्यात पेट्या भरत. आधी गवत अंथरायला लागले, मग पेटी भरायला, आणि पुढे त्या खात्याचे मुख्य झाले तेव्हापासून सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले. त्यांनी भरलेली काच आगगाडीतून, बोटीतून, खेचरांच्या पाठीवरून कुठे कुठे गेली आणि जशी निघाली तशी पोचली. फुटली म्हणून तक्रार नाही. मग कारखाना बंद पडला, भट्ट्या विझल्या, कामगारांच्या चाळीतली माणसं पोटापाण्यासाठी पांगली. कारखान्यातून मास्तर बाहेर पडले, पण मास्तरांमधून कारखाना काही बाहेर पडला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आणि तो सगळा पीळ आता काकूंच्या वाट्याला आला होता.

काकूंचं आयुष्य लाँड्रीत इस्त्री करण्यात गेलं. दिवसभर आत वाफ, आणि संध्याकाळी दार उघडलं की बाहेर बर्फ. भिजलेल्या अंगाने त्या गारठ्यात घरी यायचं, हे वर्षानुवर्षं केल्यावर छाती काय म्हणणार? गेल्या हिवाळ्यात ती बोललीच. काकूंना इस्पितळात ठेवावं लागलं, नळ्या लावाव्या लागल्या. परत सोडताना डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला नेलं नाही, काकूंच्या समोरच सांगितलं, "पुढचा हिवाळा इथे काढू नका. या छातीला तो झेपणार नाही."

घाटापलीकडे, पार खाली, त्यांची लेक राहायची. तिकडे हिवाळा म्हणजे खिडकीचं एक दार ओढून घ्यायचं, इतकाच. तिने आईवडिलांसाठी खोली रंगवून ठेवली होती. तेव्हा प्रश्न साधा होता. थंडी वाढली की घाट बर्फाने मिटतो, तो वसंतातच उघडतो. तो मिटायच्या आत काकूंना पलीकडे पोचवायचं. एवढं एकच काम होतं. पण ते मास्तरांच्या हातात होतं ना.

लेकीने सामान हलवणारी माणसं ठरवली होती. ती आली. त्यांच्यातल्या एकाने फडताळातला कप कानाला धरून उचलला. मास्तरांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, जागेवर ठेवला, आणि सगळ्यांना चहा पाजून रस्त्याला लावलं.

"अहो, काय केलंत हे?" काकूंनी विचारलं.

"कप बुडाखाली हात घालून उचलतात. कानाला धरून उचलणारा माणूस माझ्या घरातल्या काचेला हात लावणार?"

"मग कोण लावणार?"

"मी आहे ना."

काकूंनी कपाळावर हात मारला. हे "मी आहे ना" त्यांनी लग्नापासून ऐकलं होतं आणि त्याच्यापुढे काय येतं ते त्यांना पाठ होतं. पुढे लाकूड आलं. बाजारात मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना मास्तर "मिठाईचे डबे" म्हणत. पेटी लाकडाचीच, आणि लाकूड आधी वाळायला हवं. ते वाळेपर्यंत पानं गळून गेली. मग गवत. गवत तिसऱ्याच गावाहून, कारण इथल्या गवतात धूळ असते आणि धुळीने काचेवर ओरखडे उठतात. नमनालाच घडाभर तेल जळत होतं आणि डोंगरमाथे पांढरे व्हायला लागले होते. लेक रोज फोन करायची. "बाबा, निघालात का?" मास्तर म्हणायचे, "झालंच." काकू मागून ओरडायच्या, "काही झालेलं नाही, पेट्या अजून झाडावर आहेत."

आणि घरात अशी काय मोठी संपत्ती होती? तर काच. कारखान्यात ज्या मालात बारीकशी खोट निघे, तो कामगारांना घरी न्यायला मिळायचा. कुठे सुरईच्या गळ्यात बुडबुडा, कुठे पेल्याची कड किंचित तिरकी, कुठे दिव्याच्या झाकणावर रंगाची रेघ हललेली. मास्तरांनी ते सगळं आयुष्यभर घरी आणलं होतं. एक पेला तोंडाला लावायचा नाही, एक दिवा लावायचा नाही, नुसतं पुसायचं. पुसायचं कोणी, हे सांगायला नको. आता कारखानाच नव्हता, तेव्हा तसली काच जगात पुन्हा होणार नव्हती, असं मास्तर म्हणायचे. काकू म्हणायच्या, जगाने अजून तरी चौकशी केलेली नाही.

अखेर पेट्या तयार झाल्या. नेमक्या त्याच दिवशी काकूंना डॉक्टरांकडे शेवटचं दाखवायला जायचं होतं. डॉक्टरांनी छाती ऐकली, औषधं दिली आणि बजावलं, "प्रवासात गार वारा लागू द्यायचा नाही. जाड कोट, गळ्याला लोकर, पायात लोकर. घाटात गाडी अडकली तर काय, हे लक्षात घेऊन कपडे घाला." काकू नीट ऐकून, खूश होऊन घरी आल्या. त्यांचा अस्तराचा जाड कोट त्यांनी आधीच खुंटीला काढून ठेवला होता. शेजारच्या बाईंकडून आणलेली साधी शाल गुंडाळून त्या गेल्या होत्या, म्हणजे तो प्रवासासाठी स्वच्छ राहावा. शाल परत करून त्यांनी त्या बाईंचा निरोपही घेतला. त्याही त्याच दुपारी मुलाकडे निघाल्या होत्या. चाळीत मग हे दोघंच उरले.

घरात शिरल्या तर खुंटी रिकामी. कपाट रिकामं. खिडक्यांचे पडदे गेलेले. मधल्या खोलीत पेट्या एकावर एक, ओळीत, चारी कोपऱ्यांना खिळे ठोकून तयार. मास्तर त्यांच्याकडे बघत उभे होते. लेकीच्या लग्नातसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान नव्हतं.

"सगळं झालं," ते म्हणाले. "गवत कमी पडलं. पण मी निभावून नेलं."

"कशाने निभावलं?"

"लोकरीने. लोकरीसारखं भरण नाही गं. गवत दबतं, लोकर दबून परत फुगते. आम्हाला कारखान्यात कुठली परवडणार लोकर? प्रत्येक पेल्यात एकेक मोजा घातलाय. सुरईला तुझा स्वेटर. दिव्यांना मफलर."

काकू खाली बसल्या. खुर्चीही बांधून झाली होती, म्हणून जमिनीवर बसल्या.

"माझा कोट?"

"तो मोठ्या तबकाभोवती. काय चपखल बसलाय."

"अहो, तो मला घालायचा होता."

"तिकडे? तिकडे कोण कोट घालतं? लेकच म्हणाली ना, तिकडे लोकर लागत नाही."

"आणि इथून तिकडे जाईपर्यंत मी काय घालू?"

 हे खरोखर मास्तरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पेटी भरणाऱ्याच्या हिशेबी माल एका ठिकाणाहून निघतो आणि दुसऱ्या ठिकाणी पोचतो. मधे असतात ते धक्के, आणि धक्के काचेला बसतात. मधे माणसालाही बसावं लागतं, त्याला थंडी वाजते, हे त्या शास्त्रात कुठे नव्हतं.

"सकाळी ट्रक येईल," ते म्हणाले. "ट्रकमध्ये ऊब असते. संध्याकाळपर्यंत पोचतोय आपण. माझा कोट आहे, तो घे."

त्यांचा कोट कसा राहिला? तो त्यांच्या अंगात होता म्हणून. नाहीतर त्याच्यातही एखादी बरणी झोपली असती.

सकाळी ट्रक आला नाही. आला तो ट्रकवाल्याचा फोन. वर बर्फ पडतंय, घाटाखालचं फाटक लावलंय, उघडलं की येतो. कधी उघडेल? ते वरच्यालाच ठाऊक. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. शेगडी मास्तरांनी सोडवून, नळकांडं वेगळं करून पेटीत भरली होती. धूर जायच्या भोकात त्यांनी कागदाचा बोळा कोंबला होता आणि तो बोळा वाऱ्याने आत-बाहेर करत होता. पडद्यांशिवाय खिडक्या उघड्याबोडक्या दिसत होत्या. काकू मास्तरांचा कोट घालून पेटीवर बसल्या. मास्तर नुसत्या सदऱ्यावर खोलीत येरझारा घालत होते आणि मला थंडी वाजत नाही, चालायचीच सवय आहे, असं कोणी न विचारता सांगत होते.

"एक पेटी उघडा," काकू म्हणाल्या.

"बांधलेली पेटी वाटेत उघडत नाहीत."

"आपण वाटेत नाही. घरात आहोत."

"पेटी बांधली की वाट सुरू."

"अहो, पण कोट माझा आहे."

"माझा घातलायस ना तू?"

"तुमचा कोट म्हणजे पोतं आहे नुसतं, त्याला ना अस्तर ना गळा. वारा एका बाहीतून येतो आणि दुसऱ्या बाहीतून जातो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं चाललंय माझं. ज्याच्यावर बसलेय त्याच्यातच माझी लोकर आहे आणि मी कुडकुडतेय."

"त्या पेटीत नाही तुझा कोट," मास्तर म्हणाले. "त्यात फक्त मोजे."

काकूंना हसू आलं नाही. एरवी आलं असतं. लेकीचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळं ठीक आहे, तुझे वडील काचेला ऊब देतायत." लेक म्हणाली, "आई, तू खोकतेयस का?" काकूंनी नाही म्हणून फोन ठेवला आणि मग खोकल्या.

रात्र त्यांनी शेजारच्या बाईंच्या रिकाम्या घरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगावर पाठीला पाठ लावून काढली. निदान तिथल्या खिडक्या उत्तरेला नव्हत्या. उजाडलं तरी घाट बंदच. काकू आपल्या घरात येऊन पुन्हा पेटीवर बसल्या, आणि बसल्या बसल्या त्यांना खोकल्याची ती उबळ आली जी गेल्या हिवाळ्यात आली होती. ती सुरू झाली की थांबत नाही. श्वास आत घ्यायला फट सापडत नाही. काकू पेटीच्या कडेला धरून वाकल्या, डोळ्यांतून पाणी आलं, ओठांचा रंग बदलला. मास्तरांनी पाठीवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. त्यांना भीती वाटली. किती वाटली ते त्यांनी पुढे कधी सांगितलं नाही, पण काकूंना त्या हातातून कळलं.

उबळ ओसरली तेव्हा मास्तर खोलीत नव्हते. ते पहार घेऊन आले.

त्यांचे खिळे तिरके मारलेले असत, वाटेत कोणी चोर पेटी उघडू पाहील तर दमून जाईल असे. आता त्यांची त्यांनाच ती पेटी उघडताना दमछाक झाली. लाकूड चिरलं. पहिल्या पेटीत एक मफलर निघाला. दिवा हातात धरून त्यांनी तो सोडवला आणि दिवा तसाच जमिनीवर ठेवला. दुसरीत मोजे, पण एका पेल्यात एकच मोजा, जोडीचा दुसरा भलत्याच पेटीत. तिसरीत स्वेटर. कोट ज्या पेटीत होता ती सगळ्यात खाली होती, कारण जड माल खाली घालतात.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "मफलर पुरे. उघडल्यात तेवढ्या परत बंद करा."

 मास्तर एकेक पेटी फोडत गेले. गवत खोलीभर झालं. त्या गवतात सुरया, पेले, तबकं, दिवे अशी उघडी पडली की काकूंना बघवेना. खरं तर महिनोन्महिने त्या हेच म्हणत होत्या, की आग लागो त्या काचेला. पण मास्तरांनी जेव्हा खालच्या पेटीतून कोट ओढून काढला आणि तबक काठावर आपटलं आणि त्याचा टवका उडाला, तेव्हा आधी काकूच "अगं बाई" म्हणाल्या. मास्तरांनी टवक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोट झटकला, काकूंच्या अंगात घातला, लहान मुलीचं लावावं तसं वरचं बटण लावलं. मग स्वेटर राहिलाय हे लक्षात येऊन कोट काढला, आत स्वेटर घातला, वरून परत कोट. मोजे चढवले, दोन्ही वेगळ्या रंगांचे.

"आता ऊब आली?"

"आली," काकू म्हणाल्या. "आधीच आली असती, हे काय वेगळं सांगायला हवं?"

"नको सांगू."

त्यांनी परत भरायला घेतलं. पण कशाने भरणार? भरण सगळं काकूंच्या अंगावर होतं. गवत चुरडून त्याचा भुसा झाला होता, झाकणं चिरली होती. मास्तर एक पेला हातात घेऊन, बुडाखाली हात घालून, नुसतेच उभे राहिले. आणि तेवढ्यात खाली भोंगा वाजला.

ट्रकवाला जिना चढून वर आला आणि दारातच थांबला. "हे काय? घर हलवताय की दुकान मांडताय?"

"घाट उघडला का, दादा?" काकूंनी विचारलं.

"थोडा वेळ. वर परत भरून आलंय. आत्ता निघालो तर निघालो, नाहीतर मग वसंतात भेटू. काय असेल ते टाका गाडीत."

टाका. मास्तरांसमोर कोणी हा शब्द वापरला की एरवी त्याची धडगत नसे. काकूंनी श्वास रोखून वाट पाहिली. त्यांनी मनातल्या मनात भांडण तयारही ठेवलं होतं. ते आता म्हणतील, मला दुपारपर्यंतचा वेळ द्या, गवत आणतो. मग मी म्हणेन, तुम्हाला बायको हवी की बरणी. मग ते म्हणतील, हा प्रश्नच चुकीचा आहे.

मास्तर म्हणाले, "चला, हात लावा."

आणि त्यांनी टाकलं. उघड्या पेट्यांत पेल्यांवर पेले, सुरयांवर सुरया. वरून मूठ मूठ भुसा, शेजारच्या घरातली वर्तमानपत्रं, आणि चिरलेल्या झाकणावर दोरीची गाठ. ट्रकवाल्याने कप कानाला धरून उचलले. मास्तर त्याच्या पुढून पेटी घेऊन गेले.

केबिनमध्ये काकू मधे बसल्या, ऊब येणाऱ्या जाळीसमोर. चाळ मागे पडली, कारखान्याचं धुराडं मागे पडलं, फाटकावरच्या माणसाने लवकर लवकर असा हात केला. घाट सुरू झाला आणि पहिल्या वळणावर मागून आवाज आला. आधी बारीक किणकिण. मग खड्डा आला आणि काहीतरी मोठं गेलं. मग प्रत्येक वळणावर काही ना काही जायला लागलं.

ट्रकवाल्यालाही ते ऐकवेना. "मास्तर, वर एक शेड आहे. थांबू का? जरा बांधून घ्या."

"शेडमध्ये वारा असेल," मास्तर म्हणाले. "थांबू नका."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. शेजारच्याच्या टोपलीत बरणी वाजते म्हणून या माणसाने एकदा भर रस्त्यात बस थांबवायला लावली होती. आता ते खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांनी दोन्ही तळहात कानांवर ठेवले होते. थंडीमुळे ठेवलेत असं वाटावं, अशा बेताने. मागे अजून एक काहीतरी फुटलं आणि त्यांचे खांदे किंचित वर गेले. ते फुटणं कोणत्या पेटीतलं, कोणत्या वस्तूचं, हे त्यांना आवाजावरून कळत असणार. तेच काकूंना सहन होईना.

डॉक्टरांनी प्रवासात फार बोलू नका म्हणून सांगितलं होतं. काकूंनी मफलर तोंडावरून खाली ओढला आणि सुरुवात केली.

"लाकूड वाळवायला काय घर बांधायचं होतं का तुम्हाला?" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की ट्रकवाला दचकला. "तिसऱ्या गावचं गवत म्हणे. इथल्या गाईंना चालतं ते गवत आणि तुमच्या काचेला चालत नाही. तेव्हाच निघालो असतो तर आज लेकीकडे उन्हात बसलो असतो. आणि शेगडी कोणी बांधायला सांगितली होती? ऐकताय ना? कान कशाला झाकलेत, हात खाली घ्या. मी काय म्हणतेय?"

मास्तरांनी हात खाली घेतले. मागे किणकिण चालू होती, पण काकूंचा आवाज तिच्या वर होता.

"हो," ते म्हणाले. "चुकलंच."

"चुकलंच काय? आणि माझा एक मोजा हिरवा नि एक तपकिरी, लेक काय म्हणेल? आणि त्या माणसांना चहा पाजून घालवलंत, तो चहा तरी नीट केला होता का? साखर मी शोधत बसले होते."

खड्डा आला. काकूंनी आवाज आणखी चढवला. मास्तर आता त्यांच्याकडे तोंड करून बसले होते आणि दर वाक्याला मान हलवत होते. लग्नाच्या दिवशी मास्तरांचे वडील उशिरा पोचले, तिथपर्यंत काकू मागे गेल्या, आणि तिथून परत पुढे यायला लागल्या. ट्रकवाला बिचारा मुकाट्याने गाडी हाकत होता. मधे एकदा खोकला आला, तो त्यांनी गिळला, घोटभर पाणी प्यायल्या, आणि कुठे थांबलो होतो ते मास्तरांनाच विचारलं.

"तुझ्या सासऱ्यांच्या छत्रीपाशी," मास्तर म्हणाले.

"हं," म्हणून काकू तिथून पुढे सुरू झाल्या, आणि घाट उतरून सपाट रस्ता लागेपर्यंत त्यांनी तोंड मिटलं नाही.